वर्गात कृती घ्यायची आहे? नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी एकेक पायरी

प्राथमिकच्या वर्गात कृती घ्यायची म्हटलं की नवीन शिक्षक आधी साहित्याच्या मागे लागतात. रंगीत कागद, कात्र्या, चमकी, तक्ते. रात्री जागून सगळं कापून ठेवलं जातं, दुसऱ्या दिवशी तास भुर्रकन जातो, मुलं खूश असतात. आठवड्याने त्याच घटकावरचा प्रश्न वहीत दिला की निम्मा वर्ग पेन्सिल चावत बसतो. म्हणून आधी साहित्याचा विचार करू नका. आधी एवढंच ठरवा, की या वीस मिनिटांत मुलाचं डोकं कशात गुंतलेलं असेल?

निळ्या कागदावर कापूस चिकटवून ढग करण्याची कृती घ्या. दिसते छान, भिंतीवर शोभते. पण ते अर्धा तास मूल विचार कशाचा करत होतं? डिंक जास्त झाला का, कापूस बोटाला चिकटला का, याचा. ढगाचा विचार त्यात कुठेच नव्हता. हस्तकला म्हणून हा तास उत्तम, पण परिसर अभ्यासाचा म्हणून टाचणात त्याची नोंद करू नये. हात चालले म्हणजे डोकं चाललंच असं नसतं, आणि नवखेपणी फसगत होते ती नेमकी इथे.

टाचणात एकच ओळ, पण नेमकी

'मापनाची ओळख' असं लिहिलंत तर त्यातून कृती सुचत नाही. त्याऐवजी लिहा : 'प्रत्येकाने आपापल्या वितीने मोजलं तर उत्तरं जुळत नाहीत, हे मूल स्वतःच्या मोजण्यातून दाखवेल.' आता कृती आपोआप सुचते. चौघांनी एकच बाक आपापल्या वितीने मोजायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा. एका गटात ७, ८, ८, १० असे आकडे आले की वर्गात गलका होतो : 'बाई, याने चुकीचं मोजलं!' हा गलकाच तुम्हाला हवा आहे. लगेच निकाल देऊ नका. ज्याचं उत्तर १० आलं त्याला सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला सांगा आणि बाकीच्यांना फक्त बोटं बघायला सांगा.

दोन गोष्टी दिसतील. एखाद्याची वीत खरोखरच लहान असते. दुसरा मात्र करंगळी टेकली तिथे अंगठा न ठेवता थोडा मागे ठेवतो, म्हणजे तेवढा भाग दोनदा मोजला जातो. पहिली गोष्ट एककाची, दुसरी मोजण्याच्या पद्धतीची. मुलं या दोन्ही वेगळ्या करून सांगू लागली की पट्टी कशासाठी लागते हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. तीच मागतात.

आदल्या दिवशी स्वतः करून बघा

नुसती वाचून नव्हे, प्रत्यक्ष, आणि मुलाला जेवढं साहित्य देणार तेवढंच घेऊन. तुम्हाला ५ मिनिटं लागली तर वर्गाला १५ लागतील असं धरून चाला. करताना कुठे हात अडतो ते लक्षात येतं. कात्री बोथट आहे, गाठ लहान बोटांना सुटत नाही, पेल्यातलं पाणी बाकावर सांडतं. 'चुकेल कुठे' हेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे वर्गात ती चूक दिसली की दचकायला होत नाही. उलट तुम्ही तिची वाट बघत असता.

सूचना आधी, साहित्य नंतर

हा क्रम कधीही उलटा करू नका. हातात साहित्य आलं की मुलाचे कान बंद होतात, त्यात त्याचा काही दोष नाही. आधी तीन सूचना द्या, त्याही फळ्यावर चित्र काढून. मग एका मुलाला त्याच्या शब्दांत त्या सांगायला लावा. 'समजलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण उत्तर नेहमी 'हो' असंच येतं. तुम्ही पहिली ते चौथीच्या कुठल्याही वर्गात असा, तीनपेक्षा जास्त सूचना एका दमात टिकत नाहीत. सहा असतील तर कृतीचे दोन भाग करा.

गट चौघांचा बरा. पाच-सहा जण झाले की दोघे करतात आणि बाकीचे बघतात. अगदी सुरुवातीला तर जोड्याच बऱ्या : बाक हलवावे लागत नाहीत, भांडणं कमी होतात आणि प्रत्येकाचा हात साहित्याला लागतो. गट केलेत की कामं वाटून द्या. एक साहित्य आणणारा, एक लिहिणारा, एक मोजणारा, एक शेवटी सांगणारा. ही कामं दर वेळी फिरती ठेवा. नाहीतर ज्याचं अक्षर चांगलं तो वर्षभर लेखनिक होतो आणि जो बुजरा आहे तो वर्षभर पेला धरून उभा राहतो. कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या किंवा हात नीट न वळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे फारच होतं. त्याला दया म्हणून सोपं काम नको. साहित्य मोठं करा, जागा बदला, पण निर्णय घ्यायचं काम त्याच्याकडेही येऊ द्या.

शांत करण्याची एक खूण ठरवून ठेवा. टाळीचा ठेका असो, हात वर करणं असो, काहीही चालेल. ती खूण पहिल्या आठवड्यात साहित्याशिवायच सरावात आणा. ऐन कृतीत ती पहिल्यांदा वापरायला गेलात तर आरडाओरडा करावा लागतो.

कृती चालू असताना तुम्ही काय करायचं

शक्य तितकं कमी बोलायचं आणि बारकाईने बघायचं. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

दुसरी-तिसरीत ४२ वजा १७ दिलं की अनेक वह्यांत ३५ हे उत्तर येतं. मूल आळशी म्हणून हे होत नाही. २ मधून ७ जात नाहीत, मग ते ७ मधून २ घालवतं, ५ लिहितं. पुढे ४ मधून १ गेला, ३. त्याच्या दृष्टीने प्रत्येक पायरी बरोबर आहे, कारण त्याच्यासाठी ४२ ही संख्या नाहीच. तो एक ४ आणि एक २ आहे, शेजारी शेजारी बसलेले. इथे फळ्यावर दहा वेळा 'हातचा' समजावून फार फरक पडत नाही.

प्रत्येक जोडीला काड्या द्या. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या, काही सुट्ट्या. जुड्या मुलांकडूनच बांधून घ्या, तुम्ही तयार देऊ नका. स्वतः मोजून बांधलेली जुडी म्हणजे दहा, यावर मुलाचा विश्वास बसतो. तयार दिलेली जुडी त्याला एकच वस्तू वाटते. आता म्हणा, 'तुझ्याकडे ४२ काड्या आहेत, जोडीदाराला १७ दे.'

मूल चार जुड्या आणि दोन सुट्ट्या मांडतं. एक जुडी उचलून देतं. मग दोन सुट्ट्या देतं. आणि थांबतं. अजून पाच द्यायच्या आहेत, हातात सुटी एकही नाही. या क्षणी तुमच्या तोंडावर येईल 'अरे, जुडी सोड ना!' ते गिळा. तिकडे बघू नका वाटल्यास, पण बोलू नका. थोडा वेळ जातो. मूल जुडीकडे बघतं, तुमच्याकडे बघतं, मग रबराला बोट लावून विचारतं, 'बाई, सोडू का?' तुम्ही उलट विचारा, 'सोडलीस तर काय होईल?' त्याने 'दहा सुट्ट्या होतील' म्हटलं की वजाबाकीतला सगळ्यात अवघड भाग त्याचा त्यानेच ओलांडला. पाच देऊन पाच उरतात, शेजारी दोन जुड्या. २५.

यानंतर लगेच उभी मांडणी नको. मध्ये चित्र येऊ द्या : जुडीसाठी उभी रेघ, सुट्ट्यासाठी ठिपका. एक रेघ खोडायची आणि दहा ठिपके काढायचे. मग अंक. जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हाच क्रम मांडला होता : आधी कृती, मग प्रतिमा, मग चिन्ह. घाईत आपण मधली पायरी गाळतो आणि मग म्हणतो, काड्यांनी येतं पण वहीत येत नाही. काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारायला लावली तर कसं येईल?

आणि हो, काड्यांच्या तलवारी होतात. होणारच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं मोकळी द्या, हवं ते करू द्या, मग कामाला लागा. नव्या साहित्याशी खेळून झाल्याशिवाय कुठलंही मूल त्याने काम करत नाही.

साहित्य गोळा करा, मग बोला

मला विचाराल तर कृतीतला सगळ्यात मोलाचा भाग शेवटच्या दहा मिनिटांचा, आणि नेमका तोच घंटेत अडकून जातो. ३५ मिनिटांची तासिका असेल तर ५ मिनिटं सूचना आणि वाटप, १८-२० मिनिटं काम, १० मिनिटं बोलणं, असा हिशोब धरा. काम अर्धं राहिलं तरी चालेल, पण बोलण्याच्या वेळेला हात लावू नका.

आधी साहित्य मुलांकडूनच जागेवर ठेवून घ्या. एक संच तेवढा तुमच्या टेबलावर असू द्या, दाखवण्यापुरता. मग प्रश्न. 'मजा आली का?' हा प्रश्न नकोच. विचारा : 'तुम्हाला आधी काय वाटलं होतं आणि झालं काय?' 'तुझ्या गटाचं आणि तिच्या गटाचं उत्तर वेगळं आलं, का बरं?' 'पुन्हा केलं तर काय बदलशील?'

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शिक्षकांचं वर्गातलं बोलणं तपासलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. थांबणं ३ सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा, किती लांबतात ते कळेल.

उत्तर बरोबर आलं तरी लगेच 'शाब्बास' म्हणू नका. शाब्बास म्हटलं की बाकीच्यांचे हात खाली जातात, विषय संपतो. 'असं तुला कशावरून वाटलं?' हे बरोबर उत्तरालाही विचारा आणि चुकीच्या उत्तरालाही, त्याच सुरात. फक्त चुकीलाच विचारलंत तर मुलं दोन दिवसांत ओळखतात.

मोठ्या वर्गात सगळ्यांना बोलायला मिळत नाही. त्यासाठी सोपी रीत आहे : आधी प्रत्येकाने मनात विचार करायचा, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग काही जोड्यांनी वर्गाला सांगायचं. फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८१ मध्ये ती मांडली आणि आज जगभर वापरली जाते. साहित्य लागत नाही, म्हणून अगदी पहिल्या आठवड्यापासून सुरू करता येते.

सुरुवातीला घेण्याजोग्या काही कृती

बुडतं की तरंगतं. बादली, खिळा, लाकडाचा मोठा ठोकळा, खोडरबर, मेणबत्तीचा तुकडा, प्लास्टिकचं झाकण, खडू. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्यायचा, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात 'मला माहीतच होतं'. 'जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं' हा नियम मुलं पाच मिनिटांत काढतात. त्या वेळी एका हातात खिळा आणि दुसऱ्या हातात ठोकळा द्या. जड कोण? मग बुडलं कोण? नियमाला तडा गेला की खरी चर्चा सुरू होते. शेवटी क्लेचा गोळा पाण्यात टाका, बुडेल. तोच गोळा बाहेर काढून, पुसून, त्याची कडा उंच असलेली वाटी करा आणि अलगद ठेवा, तरंगेल. क्ले तेवढाच, वजन तेवढंच. (साधी माती वापरू नका, पाण्यात विरघळून गाळ होतो.) घनता हा शब्द इथे आणायची गरज नाही. 'आकार पसरला, जास्त पाणी बाजूला सारलं' इथपर्यंत मुलं स्वतःच्या भाषेत आली तरी भरपूर झालं. आणि खडूतून निघणारे बुडबुडे बघून कुणी काही विचारलंच, तर बादलीचा विषय बाजूला ठेवून त्या प्रश्नाच्या मागे जा.

पाणी ओतणं. एका बुटक्या रुंद पेल्यातलं पाणी मुलांसमोर उंच अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, पाणी वाढलं, कमी झालं की तेवढंच राहिलं? साधारण सात वर्षांखालची बरीच मुलं 'वाढलं' म्हणतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिलीच्या वर्गात असं उत्तर आलं तर ते दुरुस्त करायची घाई नको. पाणी परत पहिल्या पेल्यात ओतायला लावा, आणि महिन्याभराने पुन्हा विचारा.

बी रुजवणं. ही कृती सोमवारी सुरू करा, म्हणजे पहिलं मूळ फुटतं तेव्हा शाळा चालू असते. शुक्रवारी सुरू केलीत तर सगळा तमाशा सुट्टीत उरकतो. शेंगेतल्या मोठ्या बिया घ्या, ओल्या कापसात पारदर्शक भांड्याच्या कडेला ठेवा, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. एक भांडं उजेडात आणि ओलं, दुसरं अंधारात आणि ओलं, तिसरं उजेडात पण कोरडं. जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, अंधारातलं रुजणार नाही. ते रुजतं, कारण बहुतेक बियांना रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. उजेडाची गरज लागते ती पुढे, पानं आल्यावर. अंधारातलं रोप लांबुळकं आणि पिवळट होत जातं, तेव्हा ही दुसरी अर्धी गोष्टही मुलांच्या डोळ्यांसमोर येते. रोज एक चित्र आणि एक वाक्य, एवढीच नोंद. चित्र सुंदर नको, खरं हवं. मूळ खाली वळलं असेल तर चित्रात खालीच वळायला हवं.

सावली. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना त्याच जागी उभं राहून जोडीदाराकडून खडूने सावलीची कड काढून घ्यायची. पावलांची खूण आधी करून ठेवा, नाहीतर जागा हलते आणि तुलना बिघडते. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मैदानात जायच्या आधी बजावा.

भाषेसाठी वाक्याच्या पट्ट्या कापून ठेवा : मांजर / कुत्र्याच्या / मागे / धावलं. आणि : कुत्रा / मांजराच्या / मागे / धावला. आठही पट्ट्या मिसळून द्या आणि दोन वाक्यं जुळवायला सांगा. शब्द पुढेमागे झाले तरी अर्थ टिकतो, पण 'कुत्रा मांजराच्या मागे धावलं' असं कुणी जुळवलं की दुसऱ्या मुलाचा कान ते लगेच पकडतो. 'कसं ओळखलंस?' एवढंच विचारा. लिंग, विभक्ती ही नावं पुढच्या इयत्तांत येतीलच.

नोंद कशी ठेवायची

सगळ्या वर्गाचं निरीक्षण एका तासात होत नाही, त्याचा नाद सोडा. रोज पाच नावं ठरवा आणि त्या पाचांकडेच बघा. 'चांगला सहभाग' असं लिहू नका, पुढच्या महिन्यात ते वाचून काहीच आठवत नाही. मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहा : 'ठोकळा जड आहे पण त्याच्या आत हवा असेल.' या एका वाक्यावरून उद्या त्याच्याशी काय बोलायचं हे कळतं.

तास संपताना कागदाच्या तुकड्यावर एक प्रश्न सोडवून घ्या. काड्यांच्या तासानंतर ५३ वजा २८, बस. संध्याकाळी त्याचे तीन ढीग करा : जमलं, थोडं अडलं, अजून काड्या हव्यात. तिसऱ्या ढिगाला दुसऱ्या दिवशी काड्या द्या, आणि त्या शिक्षा म्हणून नाहीत हे दिसावं म्हणून बाकीच्यांसाठीही टेबलावर ठेवा, ज्याला हव्यात त्याने उचलाव्यात.

पहिला महिना कसा काढावा

उत्साहाच्या भरात रोज कृती घेऊ नका, तिसऱ्या आठवड्यात दमछाक होते. पहिल्या आठवड्यात फक्त जोडीत बोलणं आणि शांततेची खूण. दुसऱ्यात गणिताची एकच साहित्य-कृती. तिसऱ्यात तीच कृती पुन्हा, आकडे बदलून. नवीन शिक्षकांना पुनरावृत्तीची लाज वाटते, पण दुसऱ्या वेळी मुलांचं लक्ष साहित्यावरून उडून प्रश्नावर जातं, म्हणून दुसरा तास सहसा पहिल्यापेक्षा सरस होतो. चौथ्यात बी रुजवा, कारण ती रोज पाचच मिनिटं मागते.

आवाजाची भीती वाटेल. शेजारच्या वर्गातून कुणी डोकावेल. आवाज किती आहे यापेक्षा कशाचा आहे ते ऐका. 'माझे आठ आले, तुझे दहा कसे?' हा आवाज चालू द्या. 'माझा रबर दे' हा सुरू झाला की समजा काम संपलंय किंवा अति सोपं आहे. अशा गटासाठी पुढचा प्रश्न खिशात तयार ठेवा.

आणि मुलं घरी जाऊन सांगतात, 'आज आम्ही नुसतं खेळलो.' मग पालक फाटकाशी गाठून विचारतात. त्यावर उपाय म्हणून सुटायच्या आधी दोन मिनिटं काढा आणि दोन-तीन मुलांकडून 'आज काय शोधलं' ते एका वाक्यात म्हणवून घ्या. फाटकाशी मूल तेच वाक्य म्हणतं, आणि तुमचं अर्धं स्पष्टीकरण वाचतं.